पत्त्यातला बांध

गेल्या वर्षीची गोष्ट. कॉलेज सुटल्यावर मी आमच्या हिंजवडीतच एका दुकानात कामाला जात असे. दुकान अर्ज भरून देण्याचे. दोन संगणक, एक झेरॉक्स आणि एक प्रिंटर एवढाच त्याचा पसारा. एका संगणकावर मालक स्वतः ऑनलाइन अर्ज भरीत. दुसऱ्यावर मी मराठी टंकलेखन करी. त्याला इंटरनेट दिलेले नव्हते. प्रिंटर मात्र दोघांत मिळून एकच, वायरीने जोडलेला. व्हायरसच्या भीतीने पेनड्राइव्ह लावण्यास दुकानात सक्त मनाई होती.

एकदा माझा संगणक बिघडला. मालकांनी तो दुरुस्त करून, सारे पुसून, नव्याने आणून दिला आणि म्हणाले, "ताई, आकडे त्या जुन्या कागदावर आहेत, तेवढे घालून घ्या." एवढे सांगून ते आपला संगणक बंद करून दोन दिवस गावी गेले. मी कागद समोर ठेवून आकडे अक्षरशः तंतोतंत उतरविले. पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१५० आणि त्याखाली 'सबनेट मास्क' असे लिहिलेल्या जागी २५५.२५५.२५५.१२८.

दुसऱ्याच दिवशी वर्गातली एक मैत्रीण शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. मुदतीचा शेवटचा दिवस. पाचच्या आत अर्ज कार्यालयात पोचावयास हवा. चार पाने टंकून झाली आणि प्रिंटर काही हलेना. मी कागद काढून पुन्हा घातले, वायर उपटून पुन्हा खोचली, देवाचे नाव घेतले. काही उपयोग झाला नाही. शेवटी चारला वीस मिनिटे कमी असताना ती मैत्रीण दुकानाच्या बाकावर बसली आणि तिने चारही पाने हाताने लिहून काढली. अर्ज वेळेत गेला. तिचे वर्ष वाचले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

दुरुस्तीचा मुलगा दुसऱ्या दिवशी आला. त्याने एकच गोष्ट केली. १२८ खोडून तेथे शून्य लिहिले. प्रिंटर लगेच सुरू झाला. "कागद तुमच्या जुन्या जागेतला आहे," तो म्हणाला. "मास्क चुकला होता." मास्क म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा त्याने हसून, "ते सायन्सवाल्यांचे काम," असे उत्तर दिले. ते उत्तर मला लागले. मग मी ग्रंथालयातील पुस्तके घेऊन बसले. जे समजले ते माझ्यासारख्याच कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी येथे मांडीत आहे.

पत्त्याचे दोन भाग

प्रथम आपल्या ओळखीच्या पत्त्याकडे पाहू. हिंजवडीचा पिन कोड ४११०५७. पिन कोडची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते आणि त्याबरोबरच संस्कृतचे विद्वान व कवी होते. आकड्यांचे आणि कलाशाखेचे वाकडे आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या सहा आकड्यांत पहिला ४ हा विभाग दाखवितो. ४११ इतके वाचले की पत्र पुण्याकडे जावयाचे हे कळते. उरलेले ०५७ आपले टपाल कार्यालय सांगतात. कोलकात्याच्या टपाल कर्मचाऱ्याला हिंजवडी कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. तो पहिले तीन आकडे पाहतो आणि थैली पुण्याकडे पाठवितो. पुढचे तीन आकडे पुणेकर पाहतील.

संगणकाच्या पत्त्याचे तत्त्व हेच आहे. इंटरनेटच्या नियमावलीला इंटरनेट प्रोटोकॉल म्हणतात, त्यावरून या पत्त्याला आयपी पत्ता हे नाव पडले. त्यात पूर्णविरामाने तोडलेले चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी असतो. पत्त्याचा पुढचा भाग जाळे, म्हणजे नेटवर्क, कोणते ते सांगतो. मागचा भाग त्या जाळ्यातील यंत्र कोणते ते सांगतो. पुढचा भाग म्हणजे वाडी आणि मागचा म्हणजे घर, असे म्हटले तरी चालेल.

येथे एक महत्त्वाचा फरक आहे. पिन कोडमध्ये तीन आकड्यांनंतर पडणारी रेघ सर्वांसाठी एकच आहे. आयपी पत्त्यात वाडी कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, ही रेघ नुसत्या पत्त्याकडे पाहून कळत नाही. ती सांगावी लागते. ती सांगणारा आकडा म्हणजेच सबनेट मास्क. पण त्याआधी २५५ हा विचित्र आकडा कोठून आला ते पाहू.

आजीची मापे

माझी आजी धान्य मापाने मोजीत असे. तिच्या हिशेबात दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. निळव्याला १ धरले तर पुढे २, ४, ८, १६, ३२ आणि पायली ६४ निळव्यांची. तिच्यावर दोन पायल्यांचे एक माप कल्पिले तर ते १२८.

ही आठ मापे ओळीने मांडा. प्रत्येक माप एकदा वापरावयाचे किंवा मुळीच वापरावयाचे नाही, एवढाच नियम. तरीही शून्यापासून २५५ पर्यंत कोणतीही रास मोजता येते, कारण आठही मापांची बेरीज २५५ भरते. संगणक असाच मोजतो. वापरले तर १, न वापरले तर ०. अशा एका जागेला बिट म्हणतात. माझ्या संगणकाचा शेवटचा आकडा १५० होता. तो म्हणजे १२८, १६, ४ आणि २ यांची बेरीज. आजीच्या भाषेत दोन पायल्या, एक शेर, एक चिपटे आणि एक कोळवे. संगणकाच्या भाषेत १००१०११०.

असे आठ-आठ बिटांचे चार आकडे म्हणून संपूर्ण पत्ता ३२ बिटांचा. त्यातून होणारे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे जवळजवळ ४२९ कोटी.

तीन ठरीव वर्ग

हे पत्ते वाटण्याचा नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन पोस्टेल हे त्याचे संपादक होते. त्या नियमाने पत्त्यांचे वर्ग पाडले आणि वाडी व घर यांमधली रेघ प्रत्येक वर्गासाठी कायमची ठरवून टाकली.

पहिला आकडा १ ते १२६ असेल तर पत्ता 'ए' वर्गाचा. त्यात फक्त पहिला आकडा वाडीचा आणि उरलेले तीन घराचे. अशा एका वाडीत १,६७,७७,२१६ पत्ते बसतात.

पहिला आकडा १२८ ते १९१ असेल तर 'बी' वर्ग. त्यात दोन आकडे वाडीचे, दोन घराचे. एका वाडीत ६५,५३६ पत्ते.

पहिला आकडा १९२ ते २२३ असेल तर 'सी' वर्ग. तीन आकडे वाडीचे, शेवटचा एक घराचा. एका वाडीत २५६ पत्ते.

मधला १२७ हा आकडा संगणकाने स्वतःशीच बोलण्यासाठी राखलेला आहे. २२४ पासून पुढे 'डी' आणि 'ई' हे दोन वर्ग आहेत. त्यांपैकी 'डी' एकाच वेळी अनेक यंत्रांना संदेश देण्यासाठी आणि 'ई' राखीव. नवशिक्याने सुरुवातीला ते बाजूला ठेवले तरी हरकत नाही.

प्रत्येक वाडीतील दोन पत्ते कोणत्याही घराला देत नाहीत. पहिला पत्ता हे वाडीचेच नाव असते. शेवटचा पत्ता दवंडीचा. त्यावर पाठविलेला निरोप वाडीतील सर्व घरांना ऐकू जातो. म्हणून 'सी' वर्गाच्या २५६ पत्त्यांपैकी घरांना मिळतात २५४.

ही पद्धत सुटसुटीत होती; पण अंगाला बसत नव्हती. समजा एखाद्या संस्थेत ३०० संगणक आहेत. 'सी' वर्ग तिला अपुरा पडतो आणि 'बी' घ्यावा तर ६५,२३४ पत्ते पडीक राहतात. मधले माप दुकानात नाहीच! शिवाय जे आधी आले त्यांच्या पदरात मोठी जहागीर पडली. अमेरिकेतील एमआयटी या एका विद्यापीठाकडे १८ या आकड्याने सुरू होणारी 'ए' वर्गाची संपूर्ण वाडी होती. १ कोटी ६७ लाख पत्ते एका विद्यापीठाला! त्यातील सुमारे अर्धे पत्ते त्याने २०१७ साली विकावयास काढले.

मास्क म्हणजे बांध

मग उपाय काय? मिळालेल्या वाडीत बांध घालून तिचे लहान वाटे पाडणे. हा उपाय ऑगस्ट १९८५ मध्ये नियम म्हणून मान्य झाला. अशा वाट्याला सबनेट म्हणतात, म्हणजे पोटजाळे. सातबाऱ्यावर गट नंबर एकच असतो, पण आत पोटहिस्से असतात, तसाच हा प्रकार. बाहेरच्या जगाला गट नंबर पुरतो. पोटहिस्सा घरच्यांनी पाहावयाचा.

आपल्या देशातील उदाहरण अर्नेटचे आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने १९८६ साली हे शैक्षणिक जाळे उभारावयास घेतले. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात सहभागी होते. अर्नेटच्या वाट्याला १४४.१६ ने सुरू होणारी 'बी' वर्गाची एक वाडी आली आणि तिचे वाटे देशातील निरनिराळ्या संस्थांत वापरले गेले. नियम 'बी' वर्गाची रेघ दुसऱ्या आकड्यानंतर घालतो. ती रेघ तीन बिट पुढे सरकविली तर एका वाडीचे आठ वाटे होतात आणि प्रत्येकात ८,१९२ पत्ते राहतात. वर्ग तोच, गट नंबर तोच. बांध मात्र आपल्या गरजेप्रमाणे.

आता मास्क. मास्क म्हणजे मुखवटा, झाकण. तोही ३२ बिटांचाच. जेथे १ आहे तेथपर्यंत वाडीचा भाग, जेथे ० आहे तो घराचा भाग. संगणक पत्त्यावर मास्क ठेवतो, शून्याखालचा भाग झाकतो आणि उघडे राहिलेले वाचतो. समोरच्या पत्त्यालाही तोच मास्क लावतो. दोन्ही उत्तरे सारखी आली तर समोरचा आपल्या वाडीतला. थेट त्याच्याकडे जावयाचे. वेगळी आली तर तो परगावचा. निरोप वेशीवरील राउटरकडे द्यावयाचा.

या ज्ञानाने मी माझी चूक पुन्हा तपासली. माझा संगणक १५०, प्रिंटर २०. पहिले तीन आकडे दोघांचे सारखेच. मास्कचा शेवटचा आकडा १२८, म्हणजे आठ मापांपैकी फक्त दोन पायल्यांचे माप उघडे, बाकी सात झाकलेली. १५० मध्ये ते माप वापरले आहे. म्हणून उत्तर १२८. २० म्हणजे १६ अधिक ४. त्यात ते माप नाही. म्हणून उत्तर ०. दोन्ही उत्तरे वेगळी! जुन्या जागेत एका वाडीचे मधोमध दोन वाटे केलेले असावेत. मी तो बांध नकळत नव्या जागेत आणून घातला. हाताच्या अंतरावरचा प्रिंटर माझ्या संगणकाला परगावचा वाटला. परगावी जावयाचे तर राउटरचा पत्ता हवा, आणि इंटरनेट नसल्यामुळे ती जागा आम्ही कोरीच ठेवली होती. निरोप जाणार तरी कोठून? शेवटी १२८ च्या जागी ० आला तेव्हा तो आकडा पूर्ण झाकला गेला, दोघांचेही उत्तर १९२.१६८.१.० असे आले आणि बांध मोडला.

वाटणीचे गणित

स्वतः एक वाटणी करून पाहिल्याशिवाय हा विषय पक्का होत नाही. आपल्या कॉलेजसारख्या एखाद्या कॉलेजकडे १९२.१६८.१.० ही २५६ पत्त्यांची वाडी आहे असे समजा. कार्यालय, ग्रंथालय, संगणक कक्ष आणि प्राध्यापक कक्ष असे चार सारखे वाटे हवेत. चार वाट्यांसाठी दोन बिट लागतात. मास्कचा शेवटचा आकडा १२८ अधिक ६४, म्हणजे १९२. वाटे असे पडतात : ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५.

प्रत्येक वाट्यात ६४ पत्ते. पण पहिला वाडीच्या नावाचा आणि शेवटचा दवंडीचा. घरांसाठी उरले ६२. चार वाट्यांचे मिळून २४८. वाटणीपूर्वी २५४ होते. सहा पत्ते गेले कोठे? बांधाखाली गेले.

हे गणित मला पुस्तकापेक्षा घरीच लवकर समजले. राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला तेव्हा गावातील पुष्कळांप्रमाणे आमचीही जमीन गेली. उरलेल्या तुकड्यात वडील आणि दोन चुलते यांची वाटणी झाली. तेव्हा आजी म्हणाली होती, की वाटे वाढले म्हणजे बांधही वाढतात आणि बांधावर पीक येत नाही. सबनेटचेही तेच. म्हणून उगाच वाटे पाडू नयेत. जेथे कारण आहे तेथेच पाडावेत.

कारणे मात्र खरी असतात. एक, दवंडी आपल्याच वाडीत राहते, सगळ्या जाळ्यात गोंगाट होत नाही. दोन, परीक्षा विभागाचे गुण आणि विद्यार्थ्यांचा संगणक कक्ष एका आळीत असू नयेत. वाटा वेगळा असला की वेशीवर पहारा ठेवता येतो. तीन, बिघाड कोणत्या वाट्यात आहे ते चटकन कळते.

वाटे सारखेच असावेत असे बंधन नाही. संगणक कक्षाला १२८, ग्रंथालयाला ६४ आणि इतर दोघांना ३२-३२ अशीही वाटणी होते. मात्र प्रत्येक वाटा त्याच्या आकाराच्या पटीतच सुरू झाला पाहिजे. ६४ चा वाटा ०, ६४, १२८ किंवा १९२ येथेच सुरू होईल. १०० पासून नाही. नवशिके बहुधा येथेच चुकतात.

वर्ग गेले, मास्क राहिला

सप्टेंबर १९९३ मध्ये नव्या नियमाने ए, बी, सी हे वर्ग इंटरनेटच्या वाटपातून बाजूला केले. ज्याला जितके पत्ते हवेत तितक्या मापाची वाडी द्यावयाची आणि बांध कोठे आहे ते पत्त्यासोबत लिहावयाचे, असे ठरले. १९२.१६८.१.०/२६ असे लिहिलेले आढळते. त्यातील २६ म्हणजे मास्कमधील १ या बिटांची संख्या. वर काढलेला १९२ चा मास्क तोच हा : तीन आकड्यांचे २४ आणि पुढचे दोन. वर्ग आता पुस्तकांत व परीक्षांत उरले आहेत. रोजच्या व्यवहारात मास्कच चालतो. तरीही वर्ग शिकावेत, कारण मास्क का लागला ते त्यांच्यावाचून समजत नाही.

आपल्या देशात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपण बाजारात पोचलो तेव्हा मोठ्या जहागिरी वाटून झाल्या होत्या. पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचा जागतिक साठा संपला. शेवटचे पाच मोठे भाग पाच खंडीय संस्थांना देऊन कोठार रिकामे झाले. आशिया-पॅसिफिकच्या कोठारात १५ एप्रिल २०११ पासून केवळ राखून ठेवलेला अखेरचा हिस्सा उरला आणि त्यातून थोडे थोडे पत्ते देणे सुरू झाले.

तरीही आपले काम चालते ते दोन उपायांनी. पहिला उपाय खासगी पत्त्यांचा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फेब्रुवारी १९९६ च्या नियमानुसार कोणीही आपल्या घरात वापरावेत असे आहेत. प्रत्येक गावात वरची आळी असते, तसे ते घरोघरी असतात. बाहेर पडताना सारे मिळून एका सार्वजनिक पत्त्याने बोलतात. दुसरा उपाय १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांचा, त्याला आयपी आवृत्ती सहा म्हणतात. त्यातील पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये दिली म्हणजे होते. मात्र वाडी आणि घर हे दोन भाग तेथेही आहेत. बांध तेथेही घालावाच लागतो.

शेवटी

माझे वडील पार्कातील एका इमारतीच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहेत. आमच्या घरात कॉलेजात आलेली मीच पहिली. हा लेख लिहीत असताना त्यांनी विचारले, "हे काय लिहितेस?" मी त्यांना मास्क समजावून सांगितला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही ओळखपत्र बघतो तसंच की. माणसाचं नाव नाही बघत, कंपनी बघतो. आमच्या इमारतीतली असली तर आत, नाहीतर रिसेप्शनला." इतकी वर्षे ज्या फाटकाशी ते उभे आहेत त्याच्या आत काय चालते, याची आमच्या घरात कधी चर्चा झाली नव्हती. त्या रात्री झाली, जेवण थंड होईपर्यंत.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्या गावावरून या वायरी गेल्या आहेत. त्यांतील प्रत्येक गोष्ट आपल्याला करता येईल असे नव्हे. पण कागदावरचा आकडा उतरवून घेण्यापूर्वी तो काय सांगतो हे विचारणे आपल्या हाती आहे. ज्या मैत्रिणीचा अर्ज माझ्यामुळे अडला, तिनेच या लेखाचे पहिले वाचन करून दोन चुका काढल्या. उरलेल्या असतील त्या जाणकारांनी दाखवाव्यात, ही विनंती.

— द्वितीय वर्ष कला